छातीपासून सुरू होणारा जिना

माणूस हेल्मेट घालून पायी चालताना पाहिलाय कधी? मी रोज पाहायचे. भोकरदनला ज्यांच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, ते वकीलसाहेब बाहेर पडताना आधी हेल्मेट घालायचे, मग चपला. गाडी त्यांच्याकडं नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. कोर्टात पायी जायचे, पायी यायचे, आणि डोक्यावर ते पांढरं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली असा आवळलेला की बोलताना गाल वर यायचे. एसटीत बसले तरी काढायचे नाहीत. कंडक्टर नवा असला की हसून विचारायचा, काका, गाडी कुठं लावली? हे शांतपणे म्हणायचे, "तुमच्या ड्रायव्हरच्या भरोशावर बसलोय, म्हणून घातलंय." अख्खी एसटी हसायची. हे मात्र पुढच्या वळणावर डोळे लावून बसायचे.

मी पडले फटकळ. भाडेकरू असून तोंडावर बोलायचे. म्हटलं, साहेब, लोक तुम्हाला हेल्मेट वकील म्हणतात, काही वाटतं का न्हाई? तर म्हणाले, वाटतं की, पण डोकं फुटल्यावर त्या वाटण्याचं काय करू?

मोटार अपघाताचे दावे, एवढंच त्यांचं काम. जमिनीची भांडणं नाहीत, घटस्फोट नाहीत, काही नाही. कुणाचा पाय गेला, कुणाचा कमावता माणूस गेला, ती माणसं ह्यांच्या ओट्यावर येऊन बसायची. जन्मभर मोडलेली हाडं बघून बघून माणूस भित्रा झाला असेल, असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं. भीतीच तशी होती. कोटाच्या खिशात पेनाच्या बरोबरीनं लाल रेडियमच्या पट्टीची गुंडाळी असायची. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या उभ्या असल्या की हे जाऊन बैलांच्या शिंगांना रेडियम चिकटवायचे. बैल मान झटकायचा, मालक ओरडायचा, पण हे चिकटवल्याशिवाय हलायचे नाहीत. म्हाताऱ्यांच्या काठ्यांना लावली, दूधवाल्याच्या कॅनला लावली, एकदा माझ्या पिशवीला लावली. मी बाजारात गेले तर पोरं मागून हसून राह्यली. घरी येऊन बघते तर हा उद्योग. तोंडाला येईल ते बोलले त्यांना. ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीच्या दुसऱ्या बाजूलाही पट्टी.

लग्नाला गेले की नवरदेवाच्या बापाला आधी विचारणार, वऱ्हाडाचा टेम्पो कोण चालवणार आहे, रात्री जागलाय का तो? मग बाहेर जाऊन टेम्पोच्या टायरमध्ये नख रोवून बघणार. नख आत गेलं नाही की टायर गुळगुळीत झालाय म्हणून जेवायच्या आधीच तोंड कडू. लोक त्यांना आमंत्रण देताना दोनदा विचार करायचे.

एक लेक, पुण्याला नोकरीला. तिचा फोन रोज संध्याकाळी यायचा आणि भिंतीपलीकडून मला सगळा ऐकू यायचा. जेवलीस का, बरी आहेस का, असलं काही नाही. स्कूटीचा ब्रेक तपासला का, पावसात निघाली होतीस का, सिग्नलला उभी राहतेस तेव्हा मागं बघतेस का. ती बिचारी हो हो म्हणत राहायची. फोन ठेवल्यावर हे बराच वेळ अंगणात फेऱ्या मारायचे. आईचं नाव त्या फोनमध्ये कधी निघालेलं मी ऐकलं नाही. बाई जाऊन बरीच वर्षं झालेली. मी दुकान घेतलं त्याच्या आधीची गोष्ट. रक्तदाब होता, चक्कर येऊन पडल्या आणि गेल्या, एवढंच गल्लीत ठाऊक होतं.

आणि तो जिना. दुकानाच्या बाजूलाच, अंगणातून माडीवर जाणारा सिमेंटचा जिना होता, पण त्याच्या खालच्या पायऱ्याच नव्हत्या. फोडून काढलेल्या. जिना माझ्या छातीच्या उंचीला सुरू व्हायचा आणि वर जायचा. खाली नुसत्या गंजलेल्या सळया बाहेर आलेल्या. नवीन गिऱ्हाईक आलं की ब्लाउजचं माप राहायचं बाजूला, आधी जिना बघायचं. कुणी म्हणायचं, माकडं चढतात म्हणून तोडला. कुणी म्हणायचं, वर बाईचे दागिने आहेत. साहेबांना विचारलं तर म्हणायचे, वर जायचंय कुणाला. मी त्या सळयांना इस्त्री केलेले ब्लाउज टांगायचे. सोय झाली होती, खोटं कशाला बोलू.

आता त्यांचा तो एक प्रश्न सांगते, म्हणजे पुढचं समजेल. ओट्यावर कुणीही आलं, हात गळ्यात बांधलेला असो की कुबड्या असोत, ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दवाखान्यात पयले काय सांगितलं?" कधी झालं नाही, कुठं झालं नाही, गाडी कुणाची नाही. दवाखान्यात गेल्या गेल्या डॉक्टरला काय सांगितलं, ते आधी. कारण डॉक्टर ते कागदावर लिहितो, आणि पुढं कोर्टात विमा कंपनीचा वकील तोच कागद काढतो. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, जिथं चार माणसं दिसतील तिथं हे सांगत सुटायचे, लागलं तर आधी खरं सांगा, मग रडा. लोक मान डोलवायचे आणि विसरायचे.

विसरायचे म्हणजे काय, आपल्याकडची रीतच उलटी. हाड नंतर, आधी नातं सांभाळायचं. हसनाबादचा एक माणूस आल्ता. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं पाय चेंगरलेला. शेजारी म्हणजे चुलत मेहुणा. त्याच्यावर पोलीस केस नको, म्हणून ह्या शहाण्यानं दवाखान्यात सांगितलं, बैलानं मारलं. मेहुण्यानं शब्द दिला होता, सगळा खर्चा माझा. चार महिने झाले, मेहुणा फोन उचलेना. मग आला हा कुबड्या टेकत. साहेबांनी सगळं ऐकलं. हेल्मेट मांडीवर होतं, त्यावरून हात फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "बैलाचा विमा आहे का?" मी मशीनवर बसल्या बसल्या हसले. साहेब हसले नव्हते. तो माणूस गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही, ताट तसंच झाकून ठेवलेलं मी पाहिलं.

त्यात कायदा बदलला. आधी दावा कधीही करता यायचा, आता अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा. झालं, ह्यांच्या जिवाला नवा घोर. लोक तर बैठका घेत बसणार, पंच जमवणार, दिवाळीनंतर बघू म्हणणार, आणि मुदत निघून जाणार. मग दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं सांगितलं म्हणे, की ह्या मुदतीवर आमच्यापुढं वाद चालू आहे, तोवर उशीर झाला म्हणून दावे फेकू नका. तालुक्यातले बाकीचे वकील निवांत झाले. हे पेपरातली ती बातमी घेऊन माझ्या दुकानात आले आणि विचारायला लागले, बाई, तोवर म्हणजे कधीपर्यंत? मी म्हटलं, मला काय विचारता, मी काय जज आहे? तर म्हणे, तेच ना, कुणालाच ठाऊक न्हाई. आणि गेले ओट्यावर फेऱ्या मारायला.

एवढं सगळं रोज कानावर पडत असताना माझ्याच बाबतीत ते घडलं.

केदारखेडा माझं माहेर. भावाकडं गेले होते. परत येताना थांब्यावर एसटीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी होते. मागून मोटारसायकल आली आणि मला घेऊनच गेली. उजव्या कोपराचा चुरा झाला. मोटारसायकल भावाची होती आणि चालवणारा त्याचाच पोरगा, माझा भाचा. विसरलेला डबा द्यायला माझ्याच मागं आला होता, पुढून ट्रक आला, त्याला चुकवताना माझ्यावर आला. लायसन होतं, गाडीचा विमा होता, सगळं नीट होतं. पण पोरगा पोलीस भरतीची तयारी करून राह्यलेला. त्याच्यावर गुन्हा नोंदला तर भरती गेली, ही भावाच्या डोक्यात भीती. जालन्याच्या दवाखान्यात मला स्ट्रेचरवर टाकलं होतं, मला शुद्ध होती नव्हती, आणि माझ्या उशाशी उभा राहून माझा भाऊ डॉक्टरला सांगत होता, जिन्यावरून पडली.

जिन्यावरून! भावाच्या घराला जिना नाही. माझं घर पत्र्याचं, त्याला जिना नाही. घाबरलेल्या माणसाला जे सुचलं ते तो बोलून गेला.

कोपरात स्टीलची पट्टी टाकली, टाके सुकले, पण बोटं मिटेनात. सुई धरायला गेले की गळून पडायची. नवऱ्याच्या मागं माझं आणि माझ्या लेकीचं पोट ह्या उजव्या हातावर चालतं. डॉक्टर म्हणाले, फरक पडेल, पण पयल्यासारखा हात होणार न्हाई. मशीनवर कापड पसरून ठेवायचे आणि नुसती बघत बसायचे. भाऊ यायचा, तांदूळ, डाळ आणायचा. भावजय म्हणायची, ताई, आम्ही आहोत ना जन्मभर. बोलणं खरं होतं तिचं, मी तिला नावं ठेवत नाही. पण जन्मभर भावाच्या दारात हात पसरायचा, हे मला पटेना. दुसरीकडं पोराची भरती. दोन्हीकडून जीव टांगणीला.

दवाखान्यातून आले तेव्हा साहेब अंगणात उभे होते. मला वाटलं, निदान मला तरी आधी विचारतील, दुखतं का. ते म्हणाले, "दवाखान्यात पयले काय सांगितलं?" मला असा संताप आला! मी म्हटलं, तुमच्या जिन्यावरून पडले असं सांगितलं. रागात बोलले. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला आणि ते आत निघून गेले. दार लावून घेतलं.

नंतर मी सगळं खरं सांगितलं तेव्हा म्हणाले, दावा होऊ शकतो, पण आधी पोलिसात खरी फिर्याद झाली पाहिजे. खोट्यावर मी कागद करणार न्हाई. भावाला समजावलं, की दाव्यात गाडीचा मालक म्हणून तुझं नाव येईल, पण भरपाई विमा कंपनी देते, तुझ्या खिशाला हात लागत न्हाई. भावाला एवढंच ऐकू आलं, की बहीण कोर्टात माझं नाव घालतीय. त्यानं येणं बंद केलं. आणि मुदत संपत आली होती. साहेब रोज सकाळी दुकानाच्या दारात यायचे आणि नुसते उभे राहायचे. मला ते उभं राहणं बघवेना. एकदा ओरडलेच, मी भाच्याला तुरुंगात घालू का? ते म्हणाले, तुरुंगात कोण घालून राह्यलं, बाई, दंडावर सुटेल बहुतेक. पण बहुतेकच म्हणतो मी, खात्री देत न्हाई. असला हा माणूस. धीर द्यायला आला तरी घाबरवून जायचा.

मग एका सकाळी ते मला न सांगता केदारखेड्याला गेले. ही गोष्ट मला भाच्यानंच नंतर सांगितली. तो पहाटे रस्त्यावर धावायचा सराव करायचा. पहिल्या एसटीतून एक हेल्मेटवाला म्हातारा उतरला आणि त्याला थांबवून, खाली बसून, त्याच्या बुटांच्या टाचांना रेडियम लावायला लागला. अंधारात रस्त्यावर धावतोस, गाडीवाल्याला दिसणार कसा म्हणे. दोन्ही बुटांना लावून झाल्यावर उठले आणि एवढंच म्हणाले, "पोलीस होणार ना? मंग पयली फिर्याद स्वतःची लिहून दे." आणि परतीच्या एसटीची वाट बघत उभे राहिले.

पोरगा दोन दिवस धावायला गेला नाही. तिसऱ्या दिवशी आपल्या पायानं पोलीस ठाण्यात गेला आणि खरं काय ते सांगून आला. त्याच्यावर गुन्हा नोंदला. भावानं त्याला घराबाहेर काढलं नाही, पण माझं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितलं. मुदतीच्या आत दावा दाखल झाला. त्या वर्षी भाऊबीजेला माझं ताट तसंच राहिलं. दुपारी उशिरा भाचा एकटा आला. बापाच्या जागी पाटावर बसला. मी डाव्या हातानं ओवाळलं, आणि आम्ही दोघंही रडलो.

आता वाटलं, सुटलो. कुठलं! विमा कंपनीचं उत्तर आलं. साहेब ते वाचत माझ्या मशीनपाशी बसले होते. कंपनीचं म्हणणं असं: बाई जिन्यावरून पडली, असंच दवाखान्यात सांगितलेलं आहे. तिच्या घराला जिना नाही, माहेरी जिना नाही. जिना आहे तो ती जिथं काम करते तिथं, घरमालकाच्या घरी. म्हणजे ती तिथंच पडली. घरमालक वकील आहे. आपल्यावर येऊ नये म्हणून त्यानं मोटारसायकलचा बनाव केला, नात्यातला पोरगा उभा केला, आणि पुरावा दिसू नये म्हणून जिन्याच्या पायऱ्या फोडून टाकल्या.

वर्षानुवर्षं ज्याला ब्लाउज टांगले तो जिना माझ्याच गळ्यात आला. मी म्हटलं, अहो, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे तो कधीचा तुटलाय. ते म्हणाले, गल्ली तुमच्या ओळखीची. पायऱ्या फोडणारा गवंडी कधीच वारला. कंपनी म्हणणार, सगळे शिकवलेले साक्षीदार. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आता मी तुमचा वकील राहू शकत न्हाई, बाई. मला साक्षीदार व्हावं लागेल."

जालन्याच्या एका तरुण वकीलबाईंकडं केस दिली. हल्ली मोबाईलवरूनही साक्ष देता येते, कोर्टानं परवानगी दिली तर. त्यांनी साहेबांना तसं सुचवलं. साहेब नको म्हणाले. खोटं बोलणाऱ्याला मोबाईल चांगला, म्हणाले, मी समोर जाईन.

म्हणाले खरं, पण माणूस पार हादरला. आयुष्यभर दुसऱ्यांना पिंजऱ्यात उभं करून प्रश्न विचारले, स्वतः कधी उभे राहिले नव्हते. रोज दुपारी दुकानात यायचे आणि मला म्हणायचे, तुम्ही कंपनीचे वकील व्हा, विचारा मला. मी मशीनच्या पलीकडून विचारायचे. नाव काय, धंदा काय, घर कुणाचं. बराबर उत्तरं द्यायचे. मग मी विचारायचे, पायऱ्या का तोडल्या? की हे उठायचे, पाणी प्यायचे, हेल्मेट घालायचे, काढायचे. एकदा म्हणाले, माकडं. मी म्हटलं, हे कोर्टात चालेल का? म्हणाले, न्हाई चालणार. आणि गेले. हा माणूस ऐनवेळी पडला तर माझा हातही गेला, पोराची भरतीही गेली, भाऊ तर गेलेलाच होता. देवाला मी काय काय बोलले ते मलाच ठाऊक.

साक्षीच्या दिवशी आम्ही एसटीनं जालन्याला गेलो. कोर्टात आत जाताना हेल्मेट काढून माझ्याकडं दिलं. मी ते डाव्या हातानं छातीशी धरून मागच्या बाकावर बसले. भाचा माझ्या शेजारी होता. हेल्मेटविना साहेबांचं डोकं मी इतक्या नीट कधी पाहिलं नव्हतं. अगदी लहान दिसत होतं, केस विरळ.

कंपनीचे वकील गोड बोलणारे होते. आपण ज्येष्ठ आहात वगैरे म्हणून त्यांनी सुरुवात केली. जिना आपल्याच घराचा ना? हो. पायऱ्या आपणच तोडल्या? हो. कधी? बायको गेली त्या महिन्यात. त्याचा काही पुरावा? न्हाई. मग वकील थोडे हसले आणि म्हणाले, चांगला जिना कुणी उगाच तोडत नाही, साहेब. त्या जिन्यावरून कुणीतरी पडलं असणार. कोण पडलं होतं?

साहेबांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. मला वाटलं आता पाणी मागतात.

"माझी बायको पडली होती," ते म्हणाले.

वकील काही बोलणार तेवढ्यात साहेब पुढं बोलत राहिले, कुणाला थांबवू न देता, सावकाश. म्हणाले, जिन्याला कठडा लावायचा राहिला होता, ती रोज सांगायची, मी उद्या करू म्हणायचो. त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. ती रागानं माडीवर गेली, उतरताना पडली. डोक्याला मागून लागलं. मी वकील माणूस. मला भीती वाटली, तिच्या माहेरचे म्हणतील ह्यानंच ढकललं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, रक्तदाब आहे, चक्कर येऊन पलंगावर पडली. त्यांनी सलाईन लावलं, रक्तदाब बघितला. डोकं कुणी बघितलं न्हाई, कारण डोक्याचं मी सांगितलंच न्हाई. संध्याकाळी ती गेली.

टाईप करणाऱ्या बाईंचे हात थांबले होते. न्यायाधीश मॅडमनी हळू आवाजात विचारलं, हे सगळं नोंदवायचं आहे का तुम्हाला? साहेब म्हणाले, "नोंदवा, मॅडम. त्याच्यासाठीच आलो."

कंपनीचे वकील कागद आवरून खाली बसले.

मी तिथं बसून काय विचार करत होते? त्या दिवशी अंगणात मी रागानं म्हणाले होते, तुमच्या जिन्यावरून पडले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तेवढंच डोळ्यांपुढं येत होतं. आणि इतकी वर्षं ओट्यावर येईल त्याला हा माणूस विचारत होता, दवाखान्यात पयले काय सांगितलं. मी त्याला वेड म्हणत होते. भाच्यानं माझा पदर घट्ट धरला होता, लहान असताना धरायचा तसा.

निकाल बऱ्याच महिन्यांनी लागला, आणि माझ्या बाजूनं लागला. कंपनी वर अपील करेल म्हणतात, करू दे. माझ्या हाताच्या कमाईची भरपाई मला मिळायची व्यवस्था झाली, लेकीचं शिक्षण सुटलं नाही. दुकानात आता शिवायला एक बाई ठेवलीय, मी माप घेते आणि कापते, डाव्या हातानं. भाच्याला दंड झाला. भरतीचं अजून लटकलेलंच आहे, पण धावायचं त्यानं सोडलेलं नाही, रेडियमवाल्या बुटातच धावतो. भाऊ मागच्या महिन्यात येऊन ओट्यावर बसून गेला. चहा घेतला नाही, पण आला. साहेब पुण्याला लेकीकडं राहायला गेलेत. जिना तसाच आहे, आणि मी आता त्याला काही टांगत नाही.

पण मला आठवते ती साक्षीच्या दिवशीची परतीची एसटी. खिडकीशी साहेब, शेजारी मी, मागच्या सीटवर भाचा. हेल्मेट त्यांच्या मांडीवर होतं, डोक्यावर नव्हतं. राजूर मागं पडलं. मग खिशातून मोबाईल काढला. लेकीच्या नावापर्यंत अंगठा नेला आणि मागं घेतला. माझ्याकडं दिला आणि म्हणाले, लेकीला लावा. तिला अजून चक्करच ठाऊक आहे. कोर्टातनं कळायच्या आधी माझ्याकडून कळलं पाहिजे.

मी नंबर लावला. पलीकडं रिंग वाजायला लागली. त्यांनी मोबाईल हातात घेतला, त्यावर हात ठेवून माझ्याकडं वळले आणि लहान पोरासारखं विचारलं, "बाई, पयले काय सांगू?"

मी म्हटलं, "आधी खरं सांगा, साहेब. मग रडा."

पलीकडून लेक हॅलो हॅलो म्हणत होती. बाबा, काय झालं, कुणाला लागलं का, असं घाबरून विचारत होती. त्यांनी मोबाईल कानाला लावला आणि सांगितलं. सगळं, जिन्यापासून. केदारखेड्याचा थांबा मागं गेला तरी सांगत होते. मग रडले.